मुराळ्यासाठी मोबाइल होल्डर

मे महिन्यात सकाळी दुकानाचे शटर अर्धे वर गेले, की आतून सर्वांत आधी बाहेर येतो तो रबराचा वास. रात्रभर कोंडलेल्या, अजून कुणाच्याही मुठीत न गेलेल्या ग्रिपांचा, पायदानांच्या रबरांचा, सीटकव्हरच्या रेक्झिनचा. त्यात रस्त्यापलीकडच्या डाळमिलीतून येणारा तुरीच्या टरफलांचा कोरडा, किंचित भाजका वास मिसळतो. पहिला वास प्रवासाचा आणि दुसरा घराचा, असे मी फार पूर्वीच ठरवून टाकले आहे. शटर पूर्ण वर जाईपर्यंत दोन्ही एकमेकांत विरघळतात आणि माझा दिवस सुरू होतो.

जळगावात माझे दुचाकीच्या सामानाचे दुकान आहे. आरसे, हॉर्न, लेगगार्ड, सीटकव्हर, आणि गेल्या काही वर्षांपासून सर्वांत जास्त खपणारी वस्तू म्हणजे मोबाइल होल्डर. दुकान वडिलांचे. ते सीटकव्हर शिवत. मी मराठी घेऊन एम. ए. झाले, वृत्तांवर जीव जडवला, काही वर्षे महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मात्रा आणि गण शिकवले. वडिलांना सुईत दोरा ओवता येईनासा झाला, तेव्हा मी गल्ल्यावर बसले, तात्पुरती. ती तात्पुरती बसलेली बाई अजून तिथेच आहे.

खेड्यातून आलेले गिऱ्हाईक सुरुवातीला गोंधळते. एकदा एका काकांशी झालेला संवाद मला पाठ आहे.

"मालक कोठे शेतस?"

"मीच."

"बरं. मंग मिस्तरी कोठे शे?"

"तीही मीच."

काकांनी आपल्या गाडीकडे असे पाहिले, जसे डॉक्टर बदलल्याचे कळल्यावर नातेवाईक आजाऱ्याकडे पाहतात. पण गाडी त्यांनी माझ्याच हाती दिली, आणि पुढे त्यांचे जावईही आमचे गिऱ्हाईक झाले.

ज्यांनी होल्डर कधी बसवला नाही त्यांना वाटते, की मोबाइल घट्ट धरून ठेवणे एवढेच त्याचे काम. घट्ट धरायला चिमटाही पुरतो. खरा प्रश्न दोन गोष्टींचा असतो: थरथर आणि नजर. गाडीच्या इंजिनाची थरथर हँडलमधून वर चढते. लोखंडी होल्डरमध्ये मोबाइल आवळून बसवला, तर ती थेट त्याच्या कॅमेऱ्याच्या आतल्या नाजूक भागापर्यंत पोचते आणि लांबच्या प्रवासाहून परतल्यावर फोटो धूसर येऊ लागतात. म्हणून होल्डर आणि हँडल यांच्यामध्ये मी रबराच्या जाड चकत्या घालते. झिपची पारदर्शक पिशवी पावसाळ्यात चांगली, उन्हाळ्यात भट्टी. रबरी पट्ट्यांचा पंजा स्वस्त आणि प्रेमळ, पण उन्हाने वर्षभरात तडकतो. आरशाच्या दांड्यावर बसणारा होल्डर सर्वांत सोयीचा. नजर रस्त्यावरून फारशी खाली उतरत नाही.

आणि नजर हीच खरी मेख. गिऱ्हाइकाला मी आधी गाडीवर बसवते, हँडल धरायला लावते आणि डोळे मिटायला सांगते. मग म्हणते, "उघडा." डोळे उघडताक्षणी नजर जिथे पडते, तिथून खाली सरकत ती हँडलवर जिथे पहिल्यांदा टेकते, तिथे मी खडूने खूण करते. होल्डर तिथे. प्रत्येकाची जागा वेगळी निघते. उंचीप्रमाणे, पोटाप्रमाणे, स्वभावाप्रमाणेसुद्धा. कवितेच्या ओळीत मध्येच एक यती असते, श्वासापुरता थांबा. तो लांबला तर ओळ मोडते. मॅपकडे जाणारी नजर त्या यतीएवढीच असावी, असे मी गिऱ्हाइकांना सांगत नाही. पण खूण करताना माझ्या मनात तेच असते.

गिऱ्हाइके तऱ्हेतऱ्हेची. एका सराफाच्या मुलाला होल्डर सोनेरीच हवा होता. एक निवृत्त तलाठी होल्डर घेऊन गेले आणि आठवड्याने तक्रार घेऊन आले, की मॅप त्यांना चुकीच्या बांधावरून नेतो. "हा रस्ता एकोणीसशे कितीतरी साली मी स्वतः बंद केला होता," ते तावातावाने म्हणाले. होल्डरमध्ये दोष नव्हता, म्हणून मी त्यांना चहा दिला. सातपुड्यात फिरायला निघालेले पुण्याचे तरुण येतात, त्यांच्या गाड्यांवर इतके सामान असते की होल्डरला जागाच सापडत नाही. खूण करताना मी त्यांना विचारते, कुठल्या रस्त्याने जाणार, तिथे झाडी कशी आहे, नदी लागते का. शेकडो माणसांच्या वाटा मी अशा हँडलवर बसवून दिल्या. मी स्वतः त्यांतल्या फारच थोड्या पाहिल्या. दुकान उघडे ठेवणाऱ्या माणसाची ही खंत जुनीच असणार. ती बोलून दाखवली आणि मोकळी झाले.

पण आज मला सांगायचे आहे ते गोकुळभाऊंविषयी.

गेल्या वर्षी आखाजी जवळ आली होती, तेव्हा ते पत्नीला, सुनंदाला, घेऊन दुकानात आले. आखाजी म्हणजे आमची अक्षय तृतीया, लेकीबाळींचा सण. सासरी गेलेली लेक या सणाला माहेरी येते, झाडाला झोके बांधले जातात, डांगर म्हणजे खरबूज कापले जाते. पण ती आपली आपण येत नाही. तिला न्यायला माहेरचा माणूस जातो, बहुधा भाऊ. त्याला मुराळी म्हणतात. अलीकडे मुली स्वतः गाड्या चालवत येतात, ते चांगलेच आहे; तरीही ज्या घरी मुराळी जातो, त्या घरच्या लेकीची मान त्या दिवशी जरा ताठ असते.

गोकुळभाऊ पाइपच्या कारखान्यात कामाला. मूळचे अमळनेरकडचे, आता मेहरूणला राहतात. त्यांनी मोबाइलवर काहीतरी लिहून माझ्यापुढे धरले: 'होल्डर पाहिजे. मला ऐकू येत नाही. डोळ्यासमोर पाहिजे.'

सुनंदाला मात्र एवढ्या थोडक्यात बोलण्याची सवय नव्हती.

"ताई, भारीमधला दाखा. यास्ले बहीणले लेवाले जानं शे, शिंदखेडानाबी पुढे. मोबाइल पडना तं मोबाइल जाई, आनी मोबाइल गया तं मना माणूस बी जाई!"

गोकुळभाऊंनी तिच्या ओठांकडे पाहिले आणि हसत कपाळाला हात लावला.

"वाट विचारता येत नाही का त्यांना?" मी विचारले.

"इचारता येस ना! बोट दाखाडीसन इचारतस, लिखीसन इचारतस. पण समोरनाले सांगता येस नही," ती म्हणाली. "हात असा करस, तोंड तसं करस. त्याले वाटस, मोठ्यानं बोंबलं म्हणजे कळी."

त्यांची बहीण मंगला. तिचे सासर शिंदखेड्याच्या पलीकडे, आणि दोन वर्षांपूर्वी तिचे कुटुंब गाव सोडून मळ्यात राहायला गेले होते, तापीच्या अंगाला, कपाशीच्या शिवारात. शेवटचा रस्ता म्हणजे गाडवाटांचे जाळे. लहानपणी भावाचा कान आणि भावाची वाणी तीच होती. दोघांच्या खुणांची एक भाषा होती, घरातल्या इतरांना अर्धीच समजणारी. तिचे लग्न झाल्यापासून दर आखाजीला तिला आणायला चुलतभाऊ दिलीप चारचाकी घेऊन जायचा आणि गोकुळभाऊ मागच्या सीटवर बसून जायचे.

"मागच्या सीटवर, सामान ठेवतस ना तसं," सुनंदा म्हणाली. यंदा त्यांनी घरात जाहीर केले होते: मुराळी मी, गाडी माझी, आणि मी एकटा. वडिलांनी, म्हणजे आबांनी, साफ नाही म्हटले होते.

मी खडू काढला. ते डोळे मिटून बसले, उघडले, मी खूण केली. खूण उजव्या आरशाच्या दांड्याच्या अगदी जवळ आली. मला आनंद झाला. आरशावरचा होल्डर तयारच होता. मी पाना घेऊन दांड्याचा नट सैल करू लागले, तेवढ्यात त्यांनी आरशावर आपला तळवा ठेवला. माझ्याकडे पाहिले, आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या कानाला स्पर्श केला.

मला कळायला क्षणभर लागला. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न आपण ऐकतो. ते तो आरशात पाहतात. त्या दांड्यावर मोबाइलचे ओझे आले, की खड्ड्याखड्ड्याला आरसा हलणार, काचेतले चित्र थरथरणार. मी त्यांच्या कानालाच पाना लावला होता.

होल्डर हँडलच्या मधोमध बसवला, उंच दांडीवर, खाली दोन रबरी चकत्या घालून. नजर थोडी जास्त उतरत होती, पण आरसे स्थिर राहिले. त्यांनी गाडी सुरू केली, आरशात पाहिले, अंगठा वर केला. सुनंदाने होल्डर दोन्ही हातांनी इतका हलवून पाहिला, की अख्खी गाडी स्टँडवर डुलली.

"बठ्ठा पक्का शे," तिने निकाल दिला.

त्यानंतरच्या मंगळवारी संध्याकाळी ती दोघे पुन्हा आली. या वेळी आबाही सोबत होते. डोक्याला पांढरा रुमाल, हातात मोबाइल नसलेला तो होल्डर. रविवारची सुट्टी पाहून गोकुळभाऊंनी अर्ध्या वाटेपर्यंत सराव करायचे ठरवले होते. अमळनेर ओलांडल्यावर ऊन चढले आणि मोबाइलच्या काचेवर तापल्याचा इशारा आला. मग त्यांनी तेच केले, जे खानदेशातले कोणतेही माणूस उन्हाळ्यात पाण्याच्या डबकीला, म्हणजे छोट्या कॅनला, करते: आपला रुमाल भिजवला आणि मोबाइलभोवती गुंडाळला, फक्त काचेपुरती फट ठेवून.

"त्याले मीच शिकाडेल शे," आबा म्हणाले. "डबकीले वल्लं फडकं लावं म्हणजे पानी गार ऱ्हास. मंग हाई डबडाले काय धाड भरनी?"

ओल्या रुमालाची कड काचेला लागली आणि काचेला वाटले, कुणीतरी बोट फिरवते आहे. मॅप आपोआप सरकू लागला. अमळनेर गेले, तापी गेली, गुजरात गेला. गोकुळभाऊंनी खुणेने सांगितले, की शेवटी समोर नुसती निळी काच होती. मॅप त्यांना थेट समुद्रात घेऊन गेला होता. त्यानंतर मोबाइल बंद पडला. ते एका फाट्यावर उभे राहिले. एक-दोन माणसे भेटली. पण आमच्याकडच्या मे महिन्यात बाहेर पडलेल्या प्रत्येक माणसाचा चेहरा रुमालात गुंडाळलेला असतो, फक्त डोळे उघडे. ओठ वाचून बोलणे समजणाऱ्या माणसाच्या भोवतीचे सगळे ओठ झाकलेले. ते बराच वेळ लिंबाच्या सावलीत थांबले आणि आल्या वाटेने परतले. सुनंदाने मोबाइल तूरडाळीच्या डब्यात पुरून वाळवला. तो चालू झाला, तरी उघडताना त्याच्या भोकातून डाळीची कणी पडायची.

आबांनी होल्डर माझ्या काउंटरवर ठेवला.

"काढी आनं मी. पोरी, तू इकं, तुनं काम व्हयनं. पण हाऊ पोऱ्या रानमा भटकी गया तं मी कोनले इचारू? दिलीप जाई गाडी लीसन. बस."

गोकुळभाऊ त्यांच्या ओठांकडे पाहत होते. त्यांनी फक्त खिशातून मोबाइल काढला आणि बहिणीला व्हिडिओ कॉल लावला.

मंगलाचा चेहरा काचेवर आला, मागे विहीर आणि तिच्यावरचा चाललेला पंप. मळ्यात विहिरीपाशीच रेंज येते, असे सुनंदाने मला हळूच सांगितले. भावाने एका हाताने खुणा केल्या, भराभर, कोपरापासून. बहिणीने दोन्ही हातांनी उत्तर दिले. मोबाइल तिने कुठेतरी टेकवला असावा, कारण तिचे हात चित्राबाहेर जात आणि परत येत, झोक्यासारखे. कवितेत इतकी वर्षे घालवूनही इतके बोलके मौन मी पाहिले नव्हते. मग ती थांबली आणि आम्हा ऐकणाऱ्यांसाठी मोठ्याने बोलली.

"आबा, आयकी ल्या. मना भाऊ लेवाले येई तं मी येसू. नही तं यंदानी आखाजी सासरमाच."

"आनी दिलीप?"

"दिलीपदादाले सांगा, डांगर खावाले या. लेवाले नको."

कॉल संपला. आबा स्टुलावर बसले. त्यांनी डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवला, पुन्हा बांधला. मला जाणवले, की आता प्रश्न होल्डरचा राहिला नव्हता. गोकुळभाऊ एकटे गेले नाहीत तर मंगला येणार नाही. आणि पोचण्यासाठी त्यांच्यापाशी विचारण्याजोगे एकच माणूस होते, ते म्हणजे काचेवरचा मॅप. तो खानदेशच्या उन्हात जागा राहिला पाहिजे.

"आबा," मी म्हणाले, "दोन दिवस द्या. होल्डर परत घ्यायला मी कुठे पळून जात नाही."

"तुनं दुकान शे, पोरी. तू काय पळशी?" ते म्हणाले. होकार असा असतो आमच्याकडे.

मोबाइल का तापतो, हे मी आधी स्वतःला नीट समजावून घेतले. वरून ऊन, खालून इंजिनाची धग, पाठीवर जाड कव्हर, आणि चार्जिंगची वायर जोडली तर पोटातही आग. कव्हर काढता येते. वायर न जोडता पूर्ण भरलेला मोबाइल नेता येतो. मॅप आधीच डाउनलोड करून ठेवला, तर त्याला सारखी रेंज शोधत धडपडावे लागत नाही. खालची धग चकत्या वाढवून, मागे वारा खेळेल एवढी फट ठेवून कमी होते. पहाटे निघता येते. पण शिंदखेड्यानंतरचा सर्वांत अवघड टप्पा उन्हातच येणार होता, आणि परतीची वाट तर भर दुपारची. उरले वरचे ऊन. त्याला सावली हवी होती, वाऱ्याने न फडफडणारी आणि वजनाने हलकी.

मी कागदावर एक कमान काढून गोकुळभाऊंना दाखवली. त्यांनी ती पाहिली, कागद घेतला, आणि दुसऱ्या दिवशी कामावरून येताना काखेत एक पांढरा तुकडा घेऊन आले. जळगावात राहून मला हे आधी सुचायला हवे होते. इथे पाणी पाइपातून शेतात जाते आणि उरलेला पाइप घराघरांत जातो. कुणी त्याची शिडी करते, कुणी गुलाबाची कमान, कुणी झाडूचा दांडा. त्यांनी जाड पाइपाचा तुकडा उभा चिरून आणला होता. कडा त्यांनीच घासून इतक्या गुळगुळीत केल्या होत्या, की त्यावरून बोट फिरवताना वेलांटीच्या वळणाची आठवण व्हावी.

पांढऱ्या पाइपाच्या आतल्या बाजूची चमक काचेवर पडत होती. मी वडिलांच्या काळातले काळे रेक्झिन काढले आणि आतून चिकटवले. मोबाइलवर आता एक छोटेसे छप्पर आले, पुढे झुकलेले, आत काळे, बाहेर पांढरे. आम्ही ते गाडीवर बसवले, तेव्हा समोरच्या पंक्चरवाल्याने हाक मारली, "ताई, मोबाइलले टोपी घालं का? आते त्याले मुंडावळ्याबी बांधा!"

"मुराळीच आहे तो," मी उत्तर दिले. "बांधू."

आबांना बोलावले. भर दुपारी दुकानासमोर उन्हात माझा मोबाइल तसाच उघडा ठेवला, आणि गोकुळभाऊंचा त्या छपराखाली, दोन्हींवर मॅप चालू. आबा सावलीत बसून दोन्हींकडे पाहत राहिले, आळीपाळीने, शेताच्या दोन तुकड्यांतले पीक जोखावे तसे. माझ्या मोबाइलने इशारा दिला आणि तो काळा पडला. आबा उठले. एका हाताचा तळवा माझ्या मोबाइलवर, दुसरा गोकुळभाऊंच्या मोबाइलवर.

"हाई तपना," ते म्हणाले. "हाई नही तपना." आणि थोड्या वेळाने, मुलाकडे न पाहता, "रुमाल मात्र लावू नको म्हणा."

सुनंदाने हा निरोप नवऱ्याला खुणेने दिला. दुकानासमोर उन्हात तिघेही हसले. आबा सर्वांत उशिरा.

न्यायला जायचा दिवस आला. पहाटेच गोकुळभाऊ मेहरूणहून निघाले. सुनंदाने होल्डरला हळद-कुंकू लावले होते आणि गाडीच्या हँडलला लिंबू-मिरची. आदल्या संध्याकाळी गोकुळभाऊंनी आपली वाट मोबाइलवरून मला दिसेल अशी करून दिली, मंगलाचा नंबर मला आणि माझा तिला दिला, कारण घरात अशा मोबाइलचा जाणता दुसरा कुणी नव्हता. मी त्या दिवशी दुकान लवकर उघडले, तेव्हा पायरीवर आबा बसलेले होते.

"घरमा बसवत नही," ते म्हणाले. "सुनंदा लाटणं आपटस, मी तिले चिडस. म्हणून उनू."

आलेच होते, तर मी त्यांना स्टूल दिला आणि मोबाइल दाखवला. रस्त्याच्या रेघेवरून एक निळा ठिपका पुढे सरकत होता.

"हाऊ ठिपका म्हणजे मना पोऱ्या?"

"हो, आबा."

त्यांनी ठिपक्याकडे इतके वाकून पाहिले, की त्यांचा श्वास काचेवर उमटला. "हळू चालस," ते म्हणाले. "बरं शे."

गिऱ्हाइके येत-जात राहिली. मी एका गाडीला सीटकव्हर चढवले, एका मुलीच्या स्कूटरला हॉर्न. प्रत्येक कामानंतर आबा विचारीत, "कोठे शे?" धरणगाव. अमळनेर. तो फाटाही मागे पडला, जिथून ते मागल्या खेपेला परतले होते. तो मागे पडताना आबांनी हात जोडले. देवाला की मॅपला, कळले नाही. बेटावद. मग शिंदखेडा. शिंदखेड्यानंतर ठिपका मोठा रस्ता सोडून बारीक रेघेवर वळला, मग त्याहून बारीक, आणि जिथे रेघ संपत होती तिथे पोचून थांबला. काच म्हणाली, संपर्क नाही.

"काय व्हयनं?"

"तिथे रेंज नाही, आबा. ठिपका दिसत नाही एवढेच."

बाहेर ऊन पांढरे झाले होते. डाळमिलीचा भोंगा झाला. मग ते बोलू लागले, माझ्याशी की रबराच्या चकत्यांशी, सांगणे कठीण.

"हाऊ धाकला व्हता. बाजारमा हात सुटी गया. मी याना नावनी हाका मारी मारी गळा बसाडा, पोरी. आख्खा बाजार फिरनू. मंग ध्यानमा उनं, याले कोठे आयकू येस? तरी तोंड बंद व्हयेना मनं." त्यांनी एक चकती उचलून उलटी ठेवली. "मंगलाले सापडना तो. ती काही बोंबलनी नही. एक ओट्यावर चढीसन नुसती उभी राहिनी, त्याले दिसी अशी."

इतके दिवस मला वाटत होते, की या माणसाचा मुलावर विश्वास नाही. त्यांचा विश्वास नव्हता तो स्वतःच्या हाकेवर. जो आपली हाक ऐकू शकत नाही त्याला दूर जाऊ देणे म्हणजे काय, हे मी त्या क्षणापर्यंत कुठल्याही कवितेत वाचले नव्हते.

मी त्यांना पाणी दिले. ते प्यायले नाहीत, पेला हातात धरून बसले. मी काच पुन्हा पुन्हा पाहिली. रेघ जिथे संपत होती, त्यापुढे मॅपवर काहीच नव्हते; फिकट, रिकामी जमीन. तिथे कपाशीची शेते आहेत, बांध आहेत, लिंबाची झाडे, पाण्याचे पाट आहेत, हे मला ठाऊक होते. पण मॅपला ठाऊक नव्हते, आणि तिथून पुढे माझे छप्पर, माझ्या चकत्या, माझी खडूची खूण, कशाचाही उपयोग नव्हता. तिथून पुढे फक्त त्यांचे डोळे होते. एक गिऱ्हाईक आरसा मागत उभे होते. मी त्याला डावा हवा की उजवा हे तीनदा विचारले.

मोबाइल वाजला. मंगलाचे नाव पाहून आबा उठून उभे राहिले. पेल्यातले पाणी त्यांच्या धोतरावर सांडले. मी कानाला लावला. पलीकडे वाऱ्याचा आवाज, पंपाची धडधड, आणि धावत आलेल्या बाईचा श्वास.

"मंगलाताई," मी म्हणाले, "भाऊ आले का?"

मग, श्वासातून, हसण्यातून वाट काढत, एकच शब्द आला.

"उना."